थंड फेरी

आदल्या रात्री गाडी रिकामी केली.
स्टेपनी, जॅक, पायपुसण्या, सीटखालचे खडूचे तुकडे,
शर्विलची उंच खुर्ची.
डॅशबोर्डवरची एकवीरा सुटता सुटेना,
नखाने गोंद खरवडत म्हटलं,
आई, उद्या सुटं सामान चालत नाही.

बाबा ओट्यावरून बघत होते.
"गोल फिरून कनचे गावाला जाशील गो?"
कुठेच नाही.
"मंग पेट्रोल कमी लागल."

गाडी साडेबारा टक्क्यांतली.
प्लॉट विकला तेव्हा भावाने मजल्यावर मजला चढवला,
मी हिला आणलं.
दुसऱ्या हाताची, एकशे नव्वद घोड्यांची,
आणि जासईपासून उलव्यापर्यंत
घोडे बांधून ठेवणारे सदतीस स्पीडब्रेकर.

द्रोणागिरीत, कंटेनर यार्डच्या मागल्या प्लॉटवर
रविवारी शंकू मांडतात.
एका मुलाने बॅटरी हलवून पाहिली,
हेडलाइटवर निळी टेप मारली, दारावर त्रेचाळीस.
कागदावर लिहिलेलं: गाडीचं काही झालं
तर गाडी तुमची.
मी ते दोनदा वाचलं.
सोमवारी सात चाळीसला शाळेचं फाटक बंद होतं,
आणि घरी दुसरी गाडी नाही.

कर्णिक सर शेजारी बसले, पट्टा ओढून घेतला.
पहिल्या वळणाला मी इंडिकेटर दिला.
ते हसले नाहीत.
"कुणाला सांगतेस?"

मग म्हणाले, शंकूकडे बघशील तर शंकूत जाशील.
जिथून बाहेर पडायचंय तिथे बघ.
ब्रेक सरळीत दाब, छातीवर भार येईपर्यंत,
वळणात मागू नकोस काही.

चौथ्या फेरीत टायर बोलायला लागले.
आधी पुटपुट, मग किंकाळी.
पाचवीत कळलं, किंकाळीच्या अलीकडे
बोटभर जागा असते,
तिथे गाडी राहायला तयार असते,
मीच इतकी वर्षं
तिला उंबऱ्याबाहेर उभी करत होते.

सहावीत पाय खाली गेला
आणि खाली काहीच नव्हतं.

ब्रेक ऑइल उकळलं होतं, हे नंतर कळलं.
तेव्हा फक्त दोन शंकू, गवत, चिखल,
आणि बंद पडलेल्या इंजिनची टिकटिक.
पिवळा झेंडा घेऊन एक मुलगी धावत येत होती,
तिच्या बुटाची नाडी सुटलेली.
सर म्हणाले, "श्वास घे. आधी तू, मग ती."

दोरीने ओढून काढलं. पेडल परत आलं, अर्धंमुर्धं.
"आता एक थंड फेरी. ब्रेकला पाय लावू नकोस.
वारा लागू दे."

तीसच्या वेगाने तोच रस्ता केवढा लांब.
खारफुटी दिसली. बंदराच्या क्रेन.
पाचव्या वळणाच्या पलीकडे
सुकलेल्या चिखलावर पांढरी खपली दिसली
आणि मी ब्रेक नसतानाही थांबल्यासारखी झाले.
इथे वाफे होते.
बाबा अनवाणी तळ बडवत बडवत
दिवसभर याच्यातच फिरायचे,
एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पुन्हा परत.
कनचे गावाला, हे त्यांना कुणी विचारलं नसेल.

पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढायचा नसतो,
तापलेली चकती चिकटते.
गिअरमध्ये ठेवली, चाकाखाली दगड लावला,
आणि हेल्मेट मांडीवर घेऊन
तासभर तिच्या सावलीत बसले.
ऑइल बदलायला एक मेकॅनिक होता, जब्बार दळवी,
त्याने पैसे घेतले, सल्ला फुकट दिला:
"पुढच्या वेळी चार फेऱ्यांनी ये बाहेर.
गाडीला लाज नसते, माणसालाच असते."

घरी येताना ट्रेलरच्या मागे चाळीस.
फाट्याला इंडिकेटर दिला. मागे कुणी नव्हतं.

बाबांनी चाकाभोवती फेरी मारली,
कमानीत बोट घालून चिखलाचं ढेकूळ काढलं,
फोडलं, हुंगलं,
आणि त्याच्याविषयी काही बोलले नाहीत.
"खालशी नीट धू," एवढंच.
"मीठ लोखंड खातं."

नळीखालून आधी करडं पाणी आलं,
मग गवताची पाती,
मग बराच वेळ नुसतं पाणी,
तरी मी धूत राहिले.